रोज एक गोळी: एचआयव्ही रोखणाऱ्या औषधाची गोष्ट, आणि ती नाकारणाऱ्यांचीही

आज एका निळ्या गोळीची गोष्ट. नाही, निळी गोळी म्हटल्यावर तुमच्या डोक्यात जी आली ती नाही. हिचं नाव प्रेप. पूर्ण नाव प्री-एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस, म्हणजे विषाणूशी संपर्क येण्याआधीच घ्यायचं औषध. ज्याला एचआयव्ही झालेला नाही, पण होण्याचा धोका आहे, अशा माणसाने ही गोळी रोज घेतली तर शारीरिक संबंधातून लागण होण्याची शक्यता सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होते.

अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या वापराला पहिली परवानगी दिली १६ जुलै २०१२ ला. आता योगायोग बघा. या गोळीतला मुख्य रेणू ज्यांनी बनवला, ते झेक रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली त्याच दिवशी प्रागमध्ये वारले.

आता तुम्ही म्हणाल, औषध सापडलं, परवानगी मिळाली, संपली की गोष्ट. पण खरी गोष्ट तिथे संपत नाही. कारण या गोळीच्या इतिहासात दोन प्रश्न सारखे सोबत चालतात. गोळी काम करते का, हा पहिला. आणि जिने किंवा ज्याने ती घ्यायची, त्यांना कुणी काही विचारलं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळेत लवकर मिळालं. दुसऱ्यासाठी मात्र बरीच ठेच खावी लागली.

आजार होण्याआधीच औषध?

ही कल्पना तशी नवी नाही. मलेरियाच्या भागात जाणारे सैनिक आणि प्रवासी आधीपासूनच गोळ्या घेतात. एचआयव्हीच्या बाबतीत पहिला मोठा पुरावा १९९४ मध्ये आला. एझेडटी हे तेव्हाचं औषध एचआयव्हीबाधित गरोदर बायकांना आणि जन्मानंतर त्यांच्या बाळांना देऊन पाहिलं. औषध न घेतलेल्या गटात १०० पैकी साधारण २५ बाळांना लागण झाली होती, औषध घेतलेल्या गटात ती ८ वर आली. म्हणजे विषाणू शरीरात मुक्काम ठोकायच्या आधी औषध तिथे हजर असेल, तर त्याला अडवता येतं.

होली यांचा रेणू याच काळातला. १९७६ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला एका परिषदेत त्यांची बेल्जियमच्या एरिक द क्लर्क यांच्याशी ओळख झाली. शीतयुद्धाचे दिवस होते. होली पोलादी पडद्याच्या आत, द क्लर्क बाहेर. तरी होली प्रागमध्ये रेणू बनवायचे, लूव्हेनला पाठवायचे, आणि द क्लर्क ते विषाणूंवर तपासायचे. त्यातून पुढे टेनोफोव्हिर आलं.

ते काम कसं करतं ते सांगते. एचआयव्ही आपल्या पेशीत शिरला की स्वतःची प्रत काढायला लागतो. मण्यांची माळ ओवावी तसा एकेक तुकडा जोडत जातो. टेनोफोव्हिर म्हणजे फसवा मणी. दिसायला अगदी बाकीच्यांसारखा, पण त्याला भोक एकाच बाजूने आहे. तो माळेत गेला की पुढचा मणी ओवताच येत नाही. काम ठप्प.

१९९५ मध्ये सिएटलच्या चे-चुंग त्साय यांच्या गटाने हे माकडांवर करून पाहिलं. माकडांना होणाऱ्या अशाच विषाणूच्या संपर्काआधी किंवा नंतर काही तासांत टेनोफोव्हिर दिलं, तर एकाही माकडाला लागण झाली नाही. ज्यांना औषध दिलं नव्हतं, त्या सगळ्यांना झाली. पुढे २००१ मध्ये टेनोफोव्हिर आणि २००४ मध्ये त्याच्याच जोडीला एम्ट्रिसिटाबिन घातलेली ‘ट्रुवाडा’ ही गोळी अमेरिकेत आली. दोन्ही रुग्णांच्या उपचारासाठी. निरोगी माणसांवर प्रयोग व्हायचा बाकी होता.

कंबोडियातल्या बायका नाही म्हणाल्या

तो प्रयोग करायचा कुठे? जिथे लागण जास्त तिथे. म्हणून २००४ मध्ये कंबोडियात ९६० सेक्स वर्कर स्त्रियांवर टेनोफोव्हिरची चाचणी ठरली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी.

या बायकांची स्वतःची संघटना होती, वुमेन्स नेटवर्क फॉर युनिटी. त्यांनी साधे प्रश्न विचारले. या गोळीचा आम्हाला त्रास झाला तर चाचणी संपल्यावर आमच्याकडे बघणार कोण? चाचणीच्या काळात आमच्यातल्या कुणाला एचआयव्ही झालाच, तर पुढच्या उपचारांचा खर्च कुणाचा? कंबोडियात तेव्हा एचआयव्हीची औषधं मिळणंच मुश्किल होतं, त्यामुळे हा प्रश्न जिवाचाच होता. त्यांनी ३० वर्षांच्या आरोग्य विम्याची मागणी केली. संशोधकांनी ती मान्य केली नाही.

मग जुलै २००४ मध्ये बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत आंदोलकांनी औषध बनवणाऱ्या गिलियड कंपनीच्या स्टॉलसमोर निदर्शनं केली. ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी चाचणी सुरू व्हायच्या आधीच थांबवली. पुढच्या वर्षी कॅमेरूनमधली अशीच चाचणीही बंद पडली.

तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटलं, की आंदोलकांनी एका चांगल्या औषधाचा घात केला. आज मागे वळून बघताना दोन्ही बाजूंचं दुःख कळतं. उशीर झाला हे खरंच, आणि उशिरात लागण होत राहिली हेही खरं. पण त्या बायका औषधाच्या विरोधात नव्हत्या. त्या हिशेब विचारत होत्या. तो विचारण्याचा परिणामही झाला. चाचणी सुरू करण्याआधी त्या वस्तीशी कसं बोलायचं, कोणती जबाबदारी आधीच लेखी घ्यायची, याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २००७ मध्ये आली. त्यांच्या मागे कंबोडिया आणि कॅमेरूनचा धडा होता.

४४ की ९२?

पहिलं मोठं यश आलं नोव्हेंबर २०१० मध्ये. आयप्रेक्स नावाची चाचणी, प्रमुख रॉबर्ट ग्रांट. पेरू, एक्वाडोर, ब्राझील, अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड या सहा देशांत, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया मिळून २,४९९ जण. नुसती गोळी घेणाऱ्यांत ६४ जणांना लागण झाली, औषध असलेली गोळी घेणाऱ्यांत ३६ जणांना. म्हणजे ४४ टक्के संरक्षण.

४४ टक्के? अर्ध्याहून कमी? ऐकून कुणी नाचणार नाही. पण मग रक्त तपासलं. औषधाच्या गटात असूनही ज्यांना लागण झाली, त्यातल्या फार थोड्यांच्या रक्तात औषध सापडलं. बाकीच्यांनी गोळी घेतलीच नव्हती किंवा मध्येच सोडली होती. ज्यांच्या रक्तात औषध होतं त्यांच्यात धोका ९२ टक्क्यांनी कमी होता.

हे दोन्ही आकडे लक्षात ठेवा. ९२ हा औषधाचा आकडा आहे. ४४ मध्ये औषधासोबत माणसंही मोजलेली आहेत. त्यांची भीती, विसर, लाज, घरच्यांच्या नजरा, सगळं.

डब्यात गेलेल्या गोळ्या

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागात एचआयव्हीचा सगळ्यात मोठा फटका तरुण मुलींना बसत होता. म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या झाल्या. फेम-प्रेप ही चाचणी २०११ मध्ये थांबवावी लागली, कारण दोन्ही गटांत लागण जवळपास सारखीच होत होती. त्यानंतर ‘व्हॉइस’. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ स्त्रिया. निकाल २०१३ मध्ये आले. संरक्षण जवळजवळ शून्य.

स्त्रियांना विचारलं तर त्या सांगत होत्या, आम्ही ९० टक्के वेळा औषध घेतो. परत आलेल्या गोळ्या मोजल्या तर आकडा ८६ टक्के. आणि रक्त तपासलं तर साधारण ३० टक्के किंवा त्याहूनही कमी नमुन्यांतच औषध सापडलं. म्हणजे महिनोन्‌महिने बायका क्लिनिकला येत होत्या, तपासण्या करून घेत होत्या, गोळ्या घरी नेत होत्या, आणि टाकून देत होत्या. त्याच काळात त्या चाचणीतल्या दर १०० स्त्रियांमागे वर्षाला जवळपास ६ जणींना एचआयव्ही होत होता.

पहिली प्रतिक्रिया काय असेल? ‘या बायका खोटं बोलल्या.’ काही जण तसं म्हणालेही. पण संशोधकांनी नंतर याच स्त्रियांशी निवांत बसून बोलणं केलं, तेव्हा वेगळंच निघालं. याच गोळ्या एचआयव्ही झालेल्यांना देतात. घरात कुणाला डबी दिसली की तो समजणार, हिला एड्स झालाय. नवरा विचारणार, तुला हे कशाला लागतं, माझ्यावर संशय आहे का? शिवाय ही गोळी काम करते की नाही हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आपल्याला खरी मिळाली की खोटी, तेही नाही. शेजारपाजारच्या बायका म्हणत, निरोगी असताना औषध कशाला खातेस? आता सांगा, अशा वेळी गोळी उशीखाली ठेवणं सोपं की डॉक्टरला तोंडावर ‘नाही घेत’ म्हणणं?

याउलट केनिया आणि युगांडात झालेली ‘पार्टनर्स प्रेप’ चाचणी बघा. इथे ४,७०० हून जास्त जोडपी होती, ज्यात एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही. इथे ट्रुवाडाने ७५ टक्के संरक्षण दिलं, आणि त्यात बायकांनाही फायदा झाला. गोळी तीच, फरक घरात होता. नवरा-बायको दोघांना सगळं ठाऊक. लपवायचं काही नाही. एक विसरला तर दुसरा आठवण करून देणार.

सोनागाछी आणि म्हैसूर

हे सगळं आपल्या देशातल्या दोन वस्त्यांनी बारकाईने पाहिलं होतं. कोलकात्याची सोनागाछी, जिथे १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना आले. त्यांनी शिकवायची जबाबदारी वस्तीतल्या बायकांवरच टाकली. त्यातून १९९५ मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली. दुसरी म्हैसूरची अशोदया समिती. दोन्ही सेक्स वर्कर्सनी स्वतः चालवलेल्या संघटना.

या दोन्हींनी आधी प्रेप घ्यायचं की नाही यावरच चर्चा केली. गिऱ्हाईकांना कळलं तर ते म्हणतील, तू गोळी घेतेस ना, मग कंडोम कशाला? वर्षानुवर्षं भांडून मिळवलेला कंडोमचा हट्ट यात वाहून जाईल का? घरी गोळ्या कुठे ठेवायच्या? हे प्रश्न आधी सुटले, मग औषध आलं. २०१५-१६ पासून दोन्ही ठिकाणी मिळून १३०० हून जास्त स्त्रियांनी रोज गोळी घेतली. गोळी देणारी, आठवण करणारी, घरी जाऊन चौकशी करणारी बाई त्यांच्यातलीच. सोळा महिन्यांच्या पाठपुराव्यात एकीलाही नवी लागण झाली नाही.

इथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि कंडोमचा वापर आधीपासूनच भक्कम होता. त्यामुळे या शून्याचं सगळं श्रेय एकट्या गोळीला देता येणार नाही. पण व्हॉइसमध्ये जे होऊ शकलं नव्हतं ते इथे झालं. गोळ्या टाकून दिल्या गेल्या नाहीत, पोटात गेल्या.

लंडनची पार्सलं

आता जरा युरोपात. ब्रिटनमध्ये ‘प्राउड’ या चाचणीत ५४४ जणांना घेतलं होतं आणि प्रेपमुळे लागण ८६ टक्क्यांनी कमी झाली. २०१५ मध्ये निकाल छापून आले. तरीही एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य सेवा, गोळी द्यायला तयार नव्हती. मार्च २०१६ मध्ये तर म्हणाली, प्रतिबंध हे आमचं काम नाही, ते स्थानिक प्रशासनाचं. दुकानात विकत घ्यायची तर महिन्याला सुमारे ४०० पौंड.

शिवाय टोमणे होतेच. अमेरिकेत प्रेप घेणाऱ्यांना समलिंगी पुरुषांमधूनच घाणेरड्या शिव्या मिळत होत्या. तिथल्या एका मोठ्या एड्स संस्थेच्या प्रमुखाने तर २०१४ मध्ये याला ‘पार्टी ड्रग’ म्हटलं. ओळखीचं वाटतं ना? गर्भनिरोधक गोळी आली तेव्हाही हेच बोललं गेलं होतं, की आता बायका मोकाट सुटतील. संकट टाळणारं औषध आलं की आधी घेणाऱ्याच्या चारित्र्याची चौकशी सुरू होते.

लंडनमध्ये ग्रेग ओवेन नावाचा तरुण प्रेप सुरू करणार होता. सुरू करण्याआधी चाचणी लागते, ती केली आणि कळलं की त्याला आधीच एचआयव्ही झालाय. त्याने ते उघडपणे सांगितलं आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मित्रासोबत एक वेबसाइट काढली. गोळी कुठे मिळते, खरी कशी ओळखायची, तपासण्या कोणत्या करायच्या, सगळी माहिती तिच्यावर. लोक परदेशातून जेनेरिक गोळ्या मागवू लागले, पन्नासेक पौंडांत महिनाभराच्या. त्यातली एक लोकप्रिय गोळी होती टेनव्हिर-ईएम. बनवणारी कंपनी आपल्या मुंबईची, सिप्ला.

मुंबईची कंपनी ती बनवू शकली यालाही एक मागची गोष्ट आहे. टेनोफोव्हिरच्या भारतीय पेटंटला एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनीच हरकत घेतली होती. २००९ मध्ये पेटंट कार्यालयाने गिलियडचे अर्ज फेटाळले. म्हणजे दिल्ली-चेन्नईतल्या रुग्णांच्या भांडणाचं फळ सोहोतल्या तरुणांना मिळालं.

लंडनच्या ५६ डीन स्ट्रीट या क्लिनिकने अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातलं औषध मोजून पाहिलं. गोळ्या अस्सल निघाल्या. २०१६ मध्ये त्याच क्लिनिकमध्ये एचआयव्हीच्या नव्या निदानांत सुमारे ४० टक्के घट झाली. जास्त तपासण्या आणि लगेच उपचार हीही कारणं होती, पण प्रेपचा वाटा मोठा. त्याच वर्षी कोर्टाने एनएचएसला सांगितलं, की ही गोळी देणं तुमच्या अधिकारात बसतं. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ती नियमित सेवेत आली.

गोळीऐवजी सुई

२०२४ च्या जूनमध्ये एक बातमी आली. लेनाकॅपाव्हिर नावाचं इंजेक्शन, वर्षातून फक्त दोनदा. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वयाच्या मुलींवर चाचणी. इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी लागण किती? शून्य. तुलनेसाठी रोजची गोळी दिलेल्या गटात १,०६८ पैकी १६ जणींना झाली, कारण तेच जुनं, बहुतेकींना गोळी रोज घेणं जमलं नाही. यावेळी मुलींना दोष न देता औषधाचा प्रकारच बदलला. लपवायला डबी नाही, उत्तरं द्यायची गरज नाही.

अमेरिकेने जून २०२५ मध्ये याला परवानगी दिली. तिथली किंमत वर्षाला २८,००० डॉलरच्या वर. पण १२० देशांसाठी स्वस्त आवृत्ती बनवायचे परवाने सहा कंपन्यांना मिळालेत, त्यात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटरो आहेत आणि आपल्या पुण्याची एमक्युअरही. २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरमध्ये ते द्यायची घोषणा झालीय.

छान ना? पण याच २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी आरोग्य मदत गोठवली. थोडी सूट दिली तेव्हा तिच्या पैशातून प्रेप फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना द्यायचं ठरलं. सेक्स वर्कर, समलिंगी पुरुष, ट्रान्स व्यक्ती बाहेर. ज्यांनी चाचण्यांत स्वतःची शरीरं दिली, नेमक्या त्यांनाच रांगेतून काढलं.

आपल्याकडे नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, २०२२ मध्ये प्रेपच्या तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी निरोध जसा सरकारी दवाखान्यात सहज हाती मिळतो, तशी ही गोळी मिळत नाही. बरेच जण खासगी डॉक्टरांकडून किंवा संस्थांच्या क्लिनिकमधून घेतात. बऱ्याच जणांनी तर नावही ऐकलेलं नसतं.

म्हणून जाता जाता कामाच्या गोष्टी. प्रेप स्वतःच्या मनाने सुरू करायचं नाही. आधी एचआयव्ही चाचणी हवी, कारण लागण आधीच झालेली असेल तर ही गोळी अपुरी पडते आणि विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. मूत्रपिंडाची आणि हिपॅटायटिस बी ची तपासणीही लागते. दर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. सिफिलिस, गनोरिया, गर्भधारणा यांपासून ही गोळी वाचवत नाही, तिथे कंडोमच. आणि संपर्क आधीच येऊन गेला असेल तर वेगळं औषध असतं, पेप. ते ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. काही विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे.

आणि एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणी ही गोळी घेत असेल आणि तुम्हाला ते कळलं, तर ‘का घेतोस’, ‘कशाला लागते तुला’ असं विचारू नका. व्हॉइसमधल्या मुलींनी गोळ्या टाकल्या त्या याच प्रश्नाच्या धाकाने. फार तर एवढंच विचारा, आजची घेतलीस का?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.